बादलीचा पाठ

गोठ्याच्या पत्र्यावर भर दुपारी चढणारा माणूस एक तर वेडा असतो, नाही तर इंग्रजीचा शिक्षक. त्या घरात दुसऱ्या प्रकारचं माणूस होतं. डोक्यावर ओला टॉवेल, पायात नवऱ्याच्या जाड चपला आणि हातात फोन घेऊन बाई शिडीवरून वर यायची आणि पत्र्याच्या कडेला पोतं टाकून बसायची. साऱ्या घरात फोनला रेंज यायची ती त्या एका कोपऱ्यात. पोत्यातूनही चटका लागायचा. खाली शेळ्या धापा टाकत असायच्या आणि वर बाई. ती उतरायच्या आत टॉवेल वाळून कडक व्हायचा.

फोनमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्यांचा गट होता. कुठकुठले मास्तर आणि बाया त्यात जमल्या होत्या. एकमेकांना साहित्य द्यायचं, एकमेकांकडून शिकायचं आणि आपला धंदा सुधारायचा, असा गटाचा उद्देश वरच लिहिलेला होता. सकाळी डोळे उघडल्यापासून तक्ते, खेळ, गाणी, शब्दांच्या पट्ट्या नुसत्या पडत राहायच्या. पडलेलं उचलायचं मात्र कोणी नाही. अंगठा दाखवायचा, ‘अप्रतिम’ लिहायचं आणि आपली फाइल त्यावर टाकून मोकळं व्हायचं. कोणी कोणाला काही शिकवत नव्हतं, पण शिकल्याबद्दल आभार मात्र सगळे मानत होते. एका म्हाताऱ्या मास्तरांनी एकदा कोणाचा तरी तक्ता खरोखर उघडला आणि त्यातल्या चुका दाखवल्या. त्यांना ‘नकारात्मक वृत्ती’ म्हणून गटातून काढून टाकलं.

काढणारे गृहस्थ गटाचे संयोजक होते. ते कशालाही ‘अप्रतिम’ म्हणायचे, म्हणून बाई आणि तिचा नवरा घरात त्यांना अप्रतिम सर म्हणत. फोटोत त्यांच्या मागे पुस्तकांचं कपाट असायचं. कपाटाला कुलूप होतं, तेही फोटोत दिसायचं. बाईची नोकरी कंत्राटी. उन्हाळा संपला की कंत्राट संपणार आणि ते पुढे चालू करायचं की नाही हे शिक्षण कार्यालय अप्रतिम सरांच्या शिफारशीवरून ठरवणार होतं. शिफारस कोणाची करायची, तर गटात ज्याचा वावर दिसतो त्याची. शिवाय प्रत्येकाने स्वतः घेतलेल्या एका पाठाचा व्हिडिओ टाकायचा होता. ‘आदर्श पाठ’ असं त्याचं नाव. अजून पाठ घेतलेलाही नसायचा, पण तो आदर्श आहे हे ठरलेलं असायचं.

“उतर आता,” खालून सासू ओरडली. “भाजून निघशील. काय चाललंय एवढं?”

“गटाची ऑनलाइन सभा आहे, आभार प्रदर्शन चालू आहे, आई.”

“मग कान बंद करून उतर की.”

“हजेरी शेवटी घेतात.”

सासूने शेळ्यांपुढे पाणी ओतलं. शेळ्यांनी ते क्षणात संपवलं. “शेळ्याही शेवटपर्यंत थांबत नाहीत गं,” ती म्हणाली आणि रिकामी घमेली आपटत आत गेली.

नवरा जळलेल्या मोटरी दुरुस्त करायचा. त्या उन्हाळ्यात पाणी खोल गेलं होतं. लोक कोरडे पंप दिवसदिवसभर चालवत आणि मोटरी जाळून आणत. ओसरीत त्यांची रांग लागली होती. घरभर करपलेल्या वार्निशचा वास असायचा, जेवतानाही तोच. जळकी तार छिन्नीने तोडायची, पक्कड लावून उपसून काढायची, आतल्या खाचा घासून साफ करायच्या, खाचेखाचेत कागद घालायचा आणि मग लाकडी फर्म्यावर नवी तार गुंडाळून एकेक कॉइल बोटांनी दाबत बसवायची. कागद घालायचं काम बाईकडे होतं, कारण तिची बोटं बारीक होती. शाळेतून आली की ती भिंतीला पाठ लावून बसायची आणि कागदाच्या पट्ट्या दुमडून खाचांत सारायची. पट्टीची कड ब्लेडसारखी. बोटांच्या पेरांवर चरे पडलेले असायचे आणि फळ्यावर लिहिताना त्यात खडू झोंबायचा.

“त्या रोपवाटिकेवाल्याचा परत फोन,” नवरा म्हणाला. तार त्याच्या दोन बोटांमधून सरसर जात होती. “डोंगराच्या पलीकडून दम देतोय मला. म्हणे, नुसती मोटर नको, वाइंडिंग करतानाचा व्हिडिओ पाहिजे.”

“त्याला कशाला व्हिडिओ?”

“मागच्या मिस्त्रीने त्याला तांब्याच्या नावाखाली भलतीच तार भरून दिली. आता तो सगळ्यांना चोर समजतो. तार घासून दाखव म्हणतो, खाचा दाखव म्हणतो. व्हिडिओ बघितल्याशिवाय गाडी पाठवणार नाही. रोपं मरायला लागलीत त्याची, पण अकड बघ.”

“निदान बघणार तरी आहे तो,” बाई म्हणाली. “आमच्याकडे तर कोणी...” पट्टी बोटात घुसली आणि वाक्य राहून गेलं.

“तुझ्या पाठाचं काय झालं?”

“उद्या घेते. फोन मला लागेल.”

“सकाळी घे. दुपारी मला दे.”

घरात धड चालणारा फोन एकच होता. त्याची मालकी उन्हाच्या कलावर ठरत असे.

शाळेच्या नळाला सकाळी थोडा वेळ पाणी यायचं. पोरं घरून बादल्या आणायची, वर्गाच्या भिंतीलगत ओळीने मांडायची आणि पाणी आलं की वर्ग सोडून पळायची. हेडमास्तर त्यावर चिडायचे आणि चिडून झोपायचे. बाईने ठरवलं, जिथे पोरं आहेत तिथेच जाऊ. तिने पाठ नळावरच घेतला. बादली भरली की ‘फुल’, रिकामी असली की ‘एम्प्टी’, उचलताना ‘हेवी’. माझी कुठली, तुझी कुठली. पोरं एरवीही बादल्यांवरून भांडायची, त्या दिवशी इंग्रजीतून भांडली. पाणी सांडलं, एकाने दुसऱ्याच्या पायावर बादली ठेवली, ज्याच्या पायावर ठेवली तो ‘हेवी, हेवी’ म्हणून बोंबलला. शब्द बरोबर जागी पडला होता. बाईला हसू आवरेना.

त्या वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे मुकी म्हणायचे. ती मुकी नव्हती. घरी बोलायची, शेळ्यांशी बोलायची, फक्त वर्गात तोंड उघडायची नाही. हेडमास्तर तिला पाहुण्यांसमोर उभी करून “ही आमची मुकी” असं सांगायचे आणि पाहुणे हसायचे. वर्ष सरत आलं तरी बाईने तिच्या तोंडून एक शब्द ऐकला नव्हता. त्या दिवशी तिची पाळी आली तेव्हा बाईने तिला पुढे बोलावलं नाही, नुसता फोन तिच्याकडे वळवून धरला. मुलीने बादलीच्या कडीला दोन्ही हातांनी धरलं. मान खाली. ओठ हलले.

“धिस इज माय बकेट,” ती म्हणाली. भांडणारी पोरं वळून बघायला लागली. “इट इज...”

आणि फोनने ‘जागा शिल्लक नाही’ असं सांगून चित्रण बंद केलं.

जागा कशाने भरली होती? गटातल्या गुलाबांनी, सुप्रभातांनी आणि बाईच्या स्वतःच्या प्रमाणपत्रांनी. सहभागाची प्रमाणपत्रं, सक्रिय सहभागाची प्रमाणपत्रं, आणि एक तर नुसतं उपस्थितीबद्दल आभाराचं. मुलगी पुढे काय बोलली तेही बाईला ऐकू आलं नाही, कारण त्याच क्षणी ती फोनला शिव्या देत होती. ती इंग्रजीतून देत नव्हती.

“बाई, हे सगळ्यांना दिसणार?” पोरांनी विचारलं.

“सगळ्या मास्तर लोकांना दिसणार.”

मुकीने बादली उचलली आणि पाणी सांडत घराकडे निघाली. वळून एकदा फोनकडे बघितलं.

दुपारी घरी येऊन बाईने प्रमाणपत्रं पुसून जागा केली आणि फोन नवऱ्याला दिला. त्याने तो तिला धरायला लावला आणि स्वतः मोटरीसमोर मांडी घालून बसला. तार ब्लेडने खरवडून दाखवली. “हे बघा मालक, आतपर्यंत लाल. हे खरं तांबं.” मग खाचांतला कागद दाखवला, कॉइल बसवून दाखवली, दोरीने बांधून दाखवली. घाम नाकावरून कॉइलवर पडला तो त्याने कोपराने पुसला. शेवटी आधीच्या मिस्त्रीच्या आईबापांचा उद्धार केला. “हे कापू का?” बाईने विचारलं. “राहू दे,” तो म्हणाला, “त्याला आवडेल ते.”

त्याचे हात वार्निशने भरले होते. “तू वर चाललीच आहेस तर माझंही पाठव त्याला,” तो म्हणाला.

बाई पत्र्यावर चढली. त्या उन्हात फोनचा पडदा काळ्या पाण्यासारखा दिसायचा. त्यात स्वतःचं तोंड तेवढं दिसायचं. ओढणीचा आडोसा करून, डोळे बारीक करून तिने दोन व्हिडिओ शोधले. दोन्ही त्याच दिवसाचे, दोन्हींना नुसते आकडे. एक गटात टाकला, एक रोपवाटिकेवाल्याला. दोन्ही जाईपर्यंत ती पत्र्यावर बसून राहिली, पाय आलटूनपालटून उचलत. खाली उतरली तेव्हा तिला भोवळ येत होती. सासूने तिच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि लगेच पाणी वाया गेलं म्हणून चुटपुटली.

संध्याकाळी नवरा पत्र्यावर जाऊन आला तो दात विचकतच.

“तुला काय म्हणून सांगू,” तो म्हणाला. “रोपवाटिकेवाला पेटलाय. म्हणतो, मिस्त्री, मी तार मागितली, तू मला पोरं का पाठवलीस? अख्खं बघितलं मी, म्हणतो, आत्ता मोटर दिसेल, मग दिसेल. शेवटपर्यंत बादल्याच. परत एकदा बघितलं म्हणतो, कुठे मागेबिगे मोटर ठेवलीय का ते बघायला.”

बाईच्या हातातली पट्टी खाली पडली. “मग गटात काय गेलं?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. नवऱ्याला हसू फुटत होतं. बाई मात्र कागदासारखी पांढरी पडली. तिचं कंत्राट त्या एका व्हिडिओवर टांगलेलं होतं आणि तिथे आता नवरा बनियनवर बसून एका परक्या मिस्त्रीच्या आईबापांचा उद्धार करत होता. ती अनवाणी शिडी चढली.

गटात अंगठ्यांची रास पडली होती.

‘अप्रतिम!’ अप्रतिम सरांनी सगळ्यात आधी लिहिलं होतं. ‘मुलांचा उत्स्फूर्त सहभाग वाखाणण्याजोगा.’

‘उच्चार किती स्पष्ट, मॅडम.’

‘माझ्या वर्गाला दाखवला. मुलं खूश.’

‘बोलक्या भिंती आवडल्या.’ भिंतीला टेकून जळक्या मोटरी ठेवल्या होत्या.

‘गीताची चाल कोणती?’

बाई ते वाचत बसली. भीती हळूहळू उतरली आणि तिच्या जागी किळस आली. ही तिची बिरादरी होती. यांच्याकडून शिकण्यासाठी ती रोज पाय भाजून घेत होती. तिने बोटांनी भराभर लिहिलं: ‘क्षमस्व. चुकून माझ्या पतीचा मोटर दुरुस्तीचा व्हिडिओ गेला आहे. खरा पाठ सोबत जोडत आहे.’ आणि बादल्यांचा व्हिडिओ टाकला. तार-कॉइलचा व्हिडिओ रोपवाटिकेवाल्याला पाठवला.

गटातून लगेच उत्तरं आली. ‘अभिनंदन मॅडम!’ ‘असेच उपक्रम राबवत राहा.’ ‘आपल्या पतींचेही अभिनंदन.’ या शेवटच्याला तिला जरा आशा वाटली, कोणीतरी वाचलं असावं. पण लिहिणाऱ्या शिक्षिकेने त्याच्या आधीच्या संदेशालाही तेच लिहिलं होतं आणि तो एका मास्तरांच्या निवृत्तीचा होता.

सकाळी पत्र्यावर चढून पाहते तर बादल्यांचा व्हिडिओ गटातून गायब. खाली संयोजकांची सूचना होती: एका सदस्याची एकच कृती ग्राह्य. दुसरी काढली आहे. मोटर शाबूत होती.

पुढे पंधरवडाभर काही झालं नाही. शाळा, नळ, खाचांतले कागद चालू होते. पोरं रोज विचारायची, “बाई, मास्तर लोकांनी बघितलं का?” बाई म्हणायची, “बघतायत.” मुकी विचारायची नाही, पण विचारणाऱ्यांच्या जवळ येऊन उभी राहायची. मग एका दुपारी बाई पत्र्यावर असतानाच अप्रतिम सरांचा फोन आला.

“मॅडम, अभिनंदन! आपला पाठ निवडला गेलाय. ऑनलाइन परिषदेत सगळ्यांसमोर दाखवायचा आहे. आपण दोन शब्द बोलायचे. कंत्राटाची काळजी आता सोडा.”

“सर, तो पाठ नाहीये.”

“असं कमी लेखायचं नाही स्वतःला.”

“नाही सर, खरंच नाहीये. ती मोटर आहे. पाण्याची. माझे मिस्टर दुरुस्त करतात. तुम्ही उघडून बघा ना एकदा.”

पलीकडे बटणांची टिकटिक झाली. मग व्हिडिओचा आवाज ऐकू आला, “हे बघा मालक, आतपर्यंत लाल,” आणि बंद झाला. अप्रतिम सरांनी तो पहिल्यांदाच ऐकला होता.

“मॅडम,” त्यांचा आवाज खाली आला, “यादी वर गेली आहे. कार्यालयातल्या मोठ्या साहेबांची सही झाली आहे. साहेबांनी स्वतः शेरा मारलाय, ‘नावीन्यपूर्ण’ म्हणून. आता मी काय सांगू त्यांना? की कोणी बघितलाच नाही?”

“तेच खरं आहे ना, सर.”

“खरं-खोटं तुम्ही मला शिकवू नका. तुमचं कंत्राट आहे, माझी इतक्या वर्षांची इभ्रत आहे. फक्त सुरुवातीचा तुकडा दाखवू. तुम्ही म्हणा, प्रत्यक्ष जीवनातली शब्दसंपत्ती. झालं. एक शब्द जास्त बोललात तर शिफारस मागे घ्यायला मला वेळ लागणार नाही.”

“आणि माझा खरा पाठ?”

“तो आहेच की तुमच्याकडे,” अप्रतिम सर म्हणाले आणि फोन ठेवला.

घरात त्यावर बोलणं झालं. नवरा कॉइल बांधत होता, सासू दारात बसून शेळीच्या पायातला काटा काढत होती.

“बोल की ते म्हणतात तसं,” नवरा म्हणाला. “माझा व्हिडिओ आहे, मला काही अडचण नाही. मोठा माणूस होईन.”

“तुम्हाला चेष्टा सुचतेय.”

“मग काय करू? तुझा पगार बंद झाला तर या घरात मोटरींचाच धूर. त्यांना फसायचंय ना? फसू दे.”

“ते फसत नाहीत हो. त्यांना काहीच वाटत नाही. मी मेलेली शेळी टाकली असती तरी म्हणाले असते, अप्रतिम.”

“शेळीचं नाव घेऊ नकोस,” सासू म्हणाली. काटा निघाला, तिने तो उजेडात धरून पाहिला. “तू त्या लोकांना एवढी का मानतेस गं? इथे येऊन रोज सांगतेस कसे नालायक आहेत, आणि रोज पत्र्यावर चढतेस. मला सांग, नालायक कोण?”

बाईला राग आला. ती खाचांत कागद घालत राहिली. मुकीचे हलणारे ओठ तिच्या डोळ्यांसमोर येत होते. ती पोरगी वर्षभराची भीती गिळून अर्धं वाक्य बोलली होती, आणि अप्रतिम सरांनी ते एका बोटाने पुसून टाकलं होतं. त्यांनी ते बघून, नापसंत करून पुसलं असतं तरी तिला इतकं लागलं नसतं.

परिषदेच्या दिवशी वारा पडला होता. पत्रा तडतड वाजत होता. बाईने नेहमीचं पोतं टाकलं, डोक्यावर टॉवेल घेतला. फोनच्या पडद्यावर काळ्या चौकटी, प्रत्येकीत एकेक नाव. चेहरा एकाचाही नाही. कोणाचा तरी आवाज चुकून चालू राहिला होता, तो माणूस घरात “माझा पायजमा कुठाय?” म्हणून खेकसत होता. सगळ्या शिक्षकांनी ते ऐकलं आणि त्याला कोणी सांगितलं नाही. मग अप्रतिम सरांनी प्रास्ताविक केलं. देवाणघेवाण, समृद्धी, दीपस्तंभ. शेळीने खालून लांब हेल काढला.

व्हिडिओ लागला. नवऱ्याचा हात, ब्लेड, तार. “आतपर्यंत लाल.” तेवढाच तुकडा. अप्रतिम सर म्हणाले, “आता मॅडम दोन शब्द सांगतील.”

बाईने घसा साफ केला. नोकरी जाणार हे तिला माहीत होतं. घरी काय होईल, ओसरीत दिवसभर बसून नुसते कागद दुमडायचे, हेही माहीत होतं. तरी ती बोलली.

“नमस्कार. तुम्ही आत्ता पाहिला तो पाठ नाही. ती पाण्याची मोटर आहे. माझ्याकडून चुकून गटात गेली. तिच्यात एक मूल नाही, एक इंग्रजी शब्द नाही. तरी तुम्ही उच्चार छान म्हणालात. कोणी गीताची चाल विचारली. मी त्याच संध्याकाळी चूक कळवली, तीही कोणी वाचली नाही. माझा खरा पाठ होता, त्यात एका मुलीने पहिल्यांदा तोंड उघडलं. तो तुम्ही काढून टाकलात. मला तुमची लाज वाटते. माझीही वाटते, कारण मीही तुमचे तक्ते न उघडता अंगठे दाखवलेत. एवढंच.”

मग पडद्यावर टाळ्या वाजवणारे पिवळे हात उगवायला लागले. एक, दोन, मग नुसता पाऊस.

‘खूप प्रेरणादायी, मॅडम.’

‘ओघवती भाषा.’

‘प्रमाणपत्राची लिंक कधी येईल?’

‘माझी हजेरी लागली का कृपया बघावे.’

“मॅडमचा स्वभाव पहिल्यापासूनच विनोदी,” अप्रतिम सर हसत म्हणाले. आवाज किंचित चिरकला, लगेच सावरला. “तर नावीन्य कशाला म्हणतात हे आज आपण पाहिलं. धन्यवाद मॅडम. पुढचे वक्ते...”

बाई फोनकडे पाहत राहिली. मोठे साहेबही त्या चौकटींत कुठेतरी होते. त्यांची चौकटही टाळ्या वाजवत होती.

ती खाली उतरली आणि नवऱ्याला म्हणाली, “सगळं सांगून टाकलं. नोकरी गेली.” त्याने हातातली पक्कड ठेवली आणि तिच्याकडे कागदाचा गठ्ठा सरकवला. ती बसली आणि पट्ट्या दुमडायला लागली.

नोकरी गेली नाही. उन्हाळा उतरणीला लागला तसा कार्यालयाचा आदेश आला, कंत्राट पुढे चालू. कारणाच्या रकान्यात ‘परिषदेतील प्रभावी मांडणी’ असं होतं. ती भर सभेत त्या लोकांच्या तोंडावर थुंकली होती आणि त्यांनी तोंड पुसून तिला शाबासकी दिली होती. बाईला आनंद झाला, चांगलाच झाला, आणि त्या आनंदाचाच तिला संताप आला. गटात तिच्या नावाने अभिनंदनं पडत होती. तिने फोन उपडा ठेवला.

रोपवाटिकेवाल्याची पहिली मोटर कधीच गाडीने गेली होती; त्याच आठवड्यात तो दुसरी न्यायला स्वतः आला. जाडा, ओरडून बोलणारा माणूस. मोटर त्याने लावून पाहिली, कान लावून ऐकली, हात ठेवून गरम होते का बघितलं. मग समाधानाने खाकरला आणि पाणी मागितलं. पाणी घेऊन बाई बाहेर आली तसा तो म्हणाला, “तुम्हीच ना त्या शाळेतल्या बाई? तुमचा तो बादल्यांचा व्हिडिओ.”

“चुकून आला होता तुम्हाला. राग धरू नका.”

“राग सोडा हो. मला एक सांगा. शेवटी ती बारकी पोरगी येते ना, मान खाली घालून. धिस इज माय बकेट. इट इज, आणि गेलं. इट इज काय? मी दोनदा बघितलं. माझ्या बायकोने बघितलं. कामावरच्या बायकांनी बघितलं. एक म्हणते ‘हेवी’ म्हणाली असेल, एक म्हणते ‘एम्प्टी’. पैजा लागल्यात आमच्याकडे.”

बाईच्या हातात पेला तसाच राहिला. ‘हेवी’ आणि ‘एम्प्टी’ हे शब्द या माणसाच्या तोंडी कुठून आले हे तिला कळायला वेळ लागला.

“मला नाही ऐकू आलं,” ती म्हणाली. “मी तेव्हा फोनला शिव्या देत होते.”

“घ्या! आणि तुम्ही मास्तरीण.”

मुकीचं घर गल्लीच्या टोकाला होतं. बाईने तिला हाक मारून आणलं. ती बादली घेऊनच आली, पाण्याला निघाली होती. परका माणूस पाहून ती दाराच्या चौकटीला चिकटली आणि तिची मान खाली गेली.

“या काकांनी तुझा व्हिडिओ बघितलाय,” बाई म्हणाली.

मुलीने मान वर केली. “मास्तर लोकांनी?”

बाईच्या तोंडावर ‘हो’ आलं होतं. तिने ते गिळलं. “नाही. मास्तर लोकांनी नाही बघितला. यांनी बघितला. पूर्ण.”

“दोनदा,” रोपवाटिकेवाला ओरडला. “इट इज काय, ते सांग ना पोरी. इट इज हेवी?”

मुलीने नकारार्थी मान हलवली.

“एम्प्टी?”

परत नाही. बाई गोंधळली. पाठात तिने तेवढेच शब्द शिकवले होते. मग तिला आठवलं, पाठाच्या आदल्या दिवशी ही पोरगी वर्ग सुटल्यावर टेबलापाशी येऊन उभी राहिली होती, बोट बादलीच्या बुडाकडे करून, आणि घाईत बाईने तिला एक शब्द सांगून वाटेला लावलं होतं.

मुकीने बादली दोन्ही हातांनी वर उचलून त्या माणसाला तिचं बूड दाखवलं. चिरेतून थेंब ओसरीवर पडत होते.

“इट इज लीकिंग,” ती मोठ्याने म्हणाली.

“म्हणजे काय?” त्याने बाईला विचारलं.

“गळकी आहे,” मुकीनेच सांगितलं.

रोपवाटिकेवाला मांडीवर थाप मारून हसला. “म्हणजे सगळेच हरले! थांब, घरी फोन करतो.” त्याने खिशातून फोन काढला, हात उंच करून रेंज शोधत ओसरीभर फिरला आणि बाईकडे वळून म्हणाला, “इथे लागत नाही वाटतं. कुठे उभं राहायचं?”

बाईने शिडीकडे बोट दाखवलं. तो जाडा माणूस कुरकुरत पत्र्यावर चढला, आणि वरून त्याचा आवाज साऱ्या गल्लीत ऐकू आला, “लीकिंग! अगं, लीकिंग म्हणाली ती!”